एमेलिया टीचरचे चाळीस दिवस

एमेलिया टीचरबद्दल लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला हात अडखळला. टीचर असत्या तर हे कागद त्यांनी आधी मागून घेतले असते, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला असता आणि म्हणाल्या असत्या, "सुषमा, सुरुवात इथून नाही होत. इथून होते." आणि बोट दुसऱ्या पानाच्या मधोमध ठेवलं असतं. बरं, त्यांचं बरोबरही असायचं. तोच तर सगळा वैताग होता.

अंधेरीच्या आमच्या गावठाणात आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. आजोबा कणकवलीहून गिरणीत आले, गिरणी बंद पडल्यावर बाबांनी इथे दोन खोल्या घेतल्या, तेव्हापासून चारी बाजूंना ख्रिस्ती शेजार. खाली टीचर, त्यांच्या वडिलांच्या घरात, एकट्या. लग्न केलं नाही. महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीला शिकवून रिटायर झाल्या, मीही त्यांच्याच हाताखालून गेले. शाळेत साडी, घरी फुलाफुलांचा झगा, आणि दोन्हीच्या खिशात लाल पेन. हो, साडीला पण खिसा शिवून घेतला होता त्यांनी.

चूक दिसली की टीचरना राहवायचं नाही. माणूस कोण, वेळ कोणती, काही नाही. आमच्या गणपतीला दरवर्षी दर्शनाला यायच्या, हात जोडायच्या, मोदक खायच्या आणि आईला सांगायच्या, "वहिनी, या मोदकाला अकरा पाकळ्या आहेत आणि त्या मोदकाला नऊ." आईचं तोंड असं व्हायचं की विचारू नका. "देवान खाल्ल्यान, तेका काय मोजूक येत नाय?" असं ती म्हणायची, पण टीचर गेल्यावर. आणि पुढच्या वर्षी पाकळ्या मोजून करायची.

आमच्या गल्लीतले पीटर अंकल वारले तेव्हा मी स्वतः चर्चमध्ये हजर होते. पीटर अंकल म्हणजे भरभक्कम देह. आठ जणांनी घामाघूम होऊन पेटी आत आणली, वेदीसमोर ठेवली, कपाळं पुसली. आणि पहिल्या बाकावरून आवाज आला, "उलटी ठेवलीय. पाय वेदीकडे पाहिजेत. डोकं वेदीकडे फक्त फादरांचं असतं." फादरांनी हळूच मान हलवली, म्हणजे टीचरच बरोबर. मग त्या आठ जणांनी पुन्हा पीटर अंकलना उचललं आणि त्या चिंचोळ्या जागेत गोल फिरवलं. पीटर अंकलची बायको रडायची थांबून "अरे सांभाळून, सांभाळून" करत मागे मागे फिरत होती. मला इतकं हसू येत होतं की तोंडात पदर कोंबला, आणि लोकांना वाटलं मला दुःख अनावर झालंय.

पापनिवेदनाला गेल्या तरी तेच. ही गोष्ट फादरांनी कशी सांगावी, त्यांना बंदी असते. टीचरनीच तावातावाने सांगितली. "फादरनी मला तीन प्रार्थना दिल्या, सुषमा. तीन! मी म्हटलं, फादर, मागच्या खेपेला याच पापाला पाच दिल्या होत्या. असं कसं चालेल?" मी विचारलं, "मग?" "मग काय, पाच करून घेतल्या."

आता उपासकाळाची गोष्ट. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचे चाळीस दिवस असतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून ते सुरू होतात, आणि त्या काळात प्रत्येकाने काहीतरी सोडायचं. कोणी मटण सोडतो, कोणी दारू, कोणी चहातली साखर. टीचरचं म्हणणं असं, की आपला त्याग आपण निवडला की माणूस चोरी करतो. पुरावा म्हणजे गल्लीतले डॉमनिक अंकल. या गृहस्थांनी सलग नऊ वर्षं कारलं सोडलं होतं.

म्हणून टीचरनी आमच्या गल्लीपुरता एक नियम केला. राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या पडवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवायचा. प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहायची, वर शेजाऱ्याचं नाव आणि खाली त्याने चाळीस दिवस काय सोडावं ते. सही करायची नाही. टीचर एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचणार आणि ज्याची त्याला देणार. मिळालं ते पाळायचं.

कल्पना पवित्र होती हो, पण गल्लीने तिचं काय केलं! अकरा महिन्यांचा राग त्या डब्यात येऊन पडायचा. चर्चच्या आमच्या वॉर्डाचे पुढारी व्हिक्टर अंकल, यांना माईक दिसला की पान्हा फुटतो, त्यांना आलं, "चाळीस दिवस माईकला हात लावू नये." बिचारे सूचना ओरडून द्यायला लागले, घसा बसला, मग खाणाखुणांनी. डॉमनिक अंकलना आलं, "कुवेतचं नाव काढू नये." तीस वर्षं कुवेतला काढलेला माणूस, त्याच्या आयुष्यात दुसरं काही घडलेलंच नव्हतं. चाळीस दिवस "एका देशात" असं म्हणत तीच गोष्ट सांगत राहिला.

आम्ही हिंदू, पण आमची सुटका नव्हती. "गल्लीत राहता ना? मग?" एवढंच टीचरचं उत्तर. मला आलं होतं, जेवताना फोन बघायचा नाही. आईला आलं, "गॅलरीतून खाली बघू नये." आई कडाडली, "मगे मी वाऱ्याक खंय बसू?" पण बाणेदार बाई. खुर्ची उलटी केली आणि चाळीस दिवस गल्लीकडे पाठ करून गॅलरीत बसली. खाली पावलं वाजली की मला विचारायची, "कोण गेला गो? कोणाबरोबर गेला?"

इतक्या वर्षांत टीचरच्या नावाची चिठ्ठी मात्र कधी निघाली नव्हती. कोणाची छाती होती?

ती निघाली आमच्या तिथल्या शेवटच्या वर्षी. आणि ती डब्यात टाकणारा हात माझा होता.

त्यासाठी बर्नी मावशीबद्दल सांगायला हवं. बर्नी मावशी टीचरची धाकटी बहीण, सख्खी. आई लवकर गेली, तेव्हा टीचरनीच तिला वाढवली, वेण्या घातल्या, शिकवलं, लग्न लावून दिलं. दिलं तेही समोरच्याच घरात, गल्ली ओलांडून सहा पावलांवर. आणि या दोघी बहिणी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. बर्नी मावशीचा नवरा गेला, तेव्हा चर्चमध्ये ती त्याच्याबद्दल चार शब्द बोलायला उभी राहिली. हातात कागद होता. ती म्हणाली, "चाळीस वर्षांत अ‍ॅलेक्सने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही." आणि पहिल्या बाकावरून टीचर म्हणाल्या, "सदतीस."

बर्नी मावशीने कागदाची घडी घातली आणि जाऊन बसली. पुढचं कोणी ऐकलंच नाही. त्या दिवसापासून अबोला. नाताळचा फराळ एका दारातून दुसऱ्या दारात जायचा तो आमच्या घरून, ताट माझ्या हातात. टीचर डोअरबेलच्या आवाजावरून ओळखायच्या बर्नीकडे कोण आलंय, पण स्वतः ती बेल वाजवायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "टीचर, एकदा सॉरी म्हणून टाका ना." तर म्हणाल्या, "म्हणेन की. पण सदतीसच होती."

तर त्या मंगळवारी संध्याकाळी बर्नी मावशीने मला हाक मारली आणि घडी घातलेली चिठ्ठी हातात दिली. "डब्यात टाक. वाचू नको." मी टाकली. वाचली नाही, शप्पथ.

टीचरनी डबा हलवला आणि एकेक चिठ्ठी काढत गेल्या. हशा, शिव्या, सगळं नेहमीसारखं. मग एक उघडली आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचली, "एमेलिया." टीचरनी चष्मा नीट केला. अक्षर त्यांनीच वळवलेलं होतं, ओळखायला काय वेळ. तरी पूर्ण वाचली. "चाळीस दिवस कोणाचीही चूक काढू नये. जमलं तर ईस्टरला जेवायला येईन."

सगळ्यांनी समोरच्या घराकडे बघितलं, आईने उलट्या खुर्चीची सवय असल्यासारखं मान वळवून बघितलं. समोरची खिडकी बंद होती, पण पडदा हलत होता. टीचरनी चिठ्ठीची घडी घालून झग्याच्या खिशात ठेवली आणि लाल पेन काढून डब्यात टाकलं. "पुढची," म्हणाल्या, आणि पुढची चिठ्ठी वाचायला घेतली.

पहिला आठवडा गल्लीने नुसता धुमाकूळ घातला. अकरा वर्षं काय, तीस वर्षांचा सूड! प्रार्थनेच्या बैठकीत डॉमनिक अंकलनी मुद्दाम सांगितलं, की जलप्रलयात नोहाने तारवात माशांचीपण एक जोडी घेतली होती. पाण्यात बुडू नयेत म्हणून. टीचरचे डोळे मोठे झाले, मान ताठ झाली, गळ्याची शीर उडायला लागली. टीचर म्हणाल्या, "असेल."

ते 'असेल' पुढे चाळीस दिवस ऐकलं आम्ही. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या पोरांनी देवाच्या दहा आज्ञांच्या बारा केल्या, तेरा केल्या. असेल. आईने मुद्दाम आठ पाकळ्यांचा मोदक नेऊन दिला, गणपती नसताना. असेल. जीभ ताब्यात राहावी म्हणून टीचर तोंडात लवंग धरायच्या. इतक्या लवंगा झाल्या की जीभ बधिर, चहा गरम आहे की गार ते कळेना. व्हिक्टर अंकल कळवळून म्हणाले, "टीचर, उपासकाळात रविवार मोजत नाहीत. बुधवारपासून मोजा, सेहेचाळीस दिवस होतात, त्यातले सहा रविवार वजा. म्हणजे रविवारी तुम्ही मोकळ्या!" टीचर उसळून म्हणाल्या, "नियम मला शिकवू न..." आणि तिथेच दोन लवंगा एकदम तोंडात टाकल्या. रविवारची सूट त्यांनी एकदाही घेतली नाही.

पण वाफ कुठून तरी जायलाच हवी ना. टीचरनी पळवाट काढली. चिठ्ठीत 'कोणाचीही' लिहिलंय, म्हणजे माणसाची. वस्तूंचं काय? मग त्यांनी वस्तू धरल्या. नाक्यावरच्या सिग्नलला झापलं, की लाल दिवा जरा जास्तच वेळ राहतो. रिक्षा स्टँडवरच्या वाकड्या खांबापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आमच्या गॅलरीखाली कावळ्याने घरटं बांधायला घेतलं होतं, त्यात तारेचा हँगर घातला होता. एके सकाळी मी वरून ऐकलं, "हे असं असतं? काटक्या आधी, तार नंतर! कुणी शिकवलं तुला?" कावळा मान वाकडी करून ऐकत होता. पण मग टीचरनाच धाकधूक. कावळा 'कोणी'त येतो का? रीतसर फादरकडे गेल्या. फादर तरुण, आमच्याकडे त्यांचं पहिलंच वर्ष. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "टीचर, मला विचार करू दे." दोन दिवसांनी निरोप आला की कावळ्यालाही सोडून द्यावं, सुरक्षित राहील. टीचरनी कावळ्याला सोडलं. कावळ्याने हँगरवरच घरटं बांधलं.

एवढं सगळं हसत होतो आम्ही, आणि एका दुपारी मी खाली दूध द्यायला गेले तर टीचर टेबलाशी बसल्या होत्या, रिकाम्या. मी पहिल्यांदाच त्यांना रिकामं बसलेलं बघितलं. म्हणाल्या, "सुषमा, शाळेत ज्या मुलाला मी ओरडायचे नाही ना, त्याच्यावर मी पाणी सोडलेलं असायचं. ज्याच्या वहीत लाल जास्त, तो माझा. मला माया करायची दुसरी रीत येतच नाही गं." मी पातेलं टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "मी चौऱ्याहत्तरची. बर्नीशिवाय मला कोण आहे? ईस्टरला ती आली नाही ना, तर पुढच्या ईस्टरला मी असेन-नसेन." मला रडू आलं. त्यांनी माझ्या पातेल्याकडे बघितलं. सायीवर माशी होती. त्या काही बोलल्या नाहीत, लवंगेचा डबा उघडला.

खरी परीक्षा आली ती उत्तम शुक्रवारी. येशूच्या मरणाचा दिवस. त्या सकाळी गावठाणात क्रूसाची वाट निघते. येशूला शिक्षा झाली तिथपासून थडग्यापर्यंत चौदा प्रसंग, त्यांना चौदा स्थानं म्हणतात, आणि गावठाणातल्या चौदा घरांपुढे त्या प्रसंगांची जुनी चित्रं टेबलावर मांडलेली असतात. मिरवणूक एकेका स्थानाशी थांबते, फादर पुस्तकातून वाचतात, लोक गुडघे टेकतात. आता ही स्थानं घराण्यांत चालत आलेली. वेरोनिकाने रुमालाने तोंड पुसलं ते सहावं डॉमनिक अंकलकडे, त्यांच्या पणजोबापासून. येशूने प्राण सोडला ते बारावं बर्नी मावशीच्या सासरी, वाट वळसा घालून येते त्या मागच्या दाराशी. वाटेत आई भेटते ते चौथं टीचरच्या दारात. चित्राला दुसऱ्याने हात लावायचा नाही. सोयरिकी जमवताना सांगतात लोक, "आमच्याकडे नववं आहे." आमच्या दारात स्थान नाही, आमच्याकडे लिंबू सरबत.

वाट दरवर्षी चर्चपासून सुरू व्हायची आणि नाक्यावर संपायची. त्या वर्षी काँक्रीटच्या कामाला चर्चसमोरचा अर्धा रस्ता खणून ठेवलेला. तिथे पाचशे माणसं जमवणं शक्य नाही. मग व्हिक्टर अंकलनी पोलिसांकडे खेपा घालून परवानगी काढली, नाक्यावर जमायचं आणि चर्चकडे चालत यायचं, शेवटी दोन-दोनच्या ओळीने आत. परवानगी एकाच दिशेची. आठवडाभर आधी बैठकीत त्यांनी हे छाती फुगवून सांगितलं, टाळ्या पडल्या. मी आईबरोबर सरबताच्या हिशेबाने गेले होते. माझ्या शेजारी टीचर. त्यांचा हात वर गेला. अर्धा. मग तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून खाली आणला. मला वाटलं, खांदा आखडला.

शुक्रवारी सकाळी नाक्यावर ही गर्दी. पांढरे कपडे, छत्र्या, हातगाडीवर भोंगा. फादर पहिल्या टेबलापुढे उभे राहिले, पुस्तक उघडलं, "पहिले स्थान. येशूला मृत्युदंडाची शिक्षा होते." मान वर केली. समोर चित्र होतं थडग्याचं. येशूला पुरून झालेलं होतं.

फादरनी पुस्तक बघितलं, चित्र बघितलं, परत पुस्तक बघितलं. व्हिक्टर अंकलच्या तोंडावरचा रंग उडाला. घरं आपापल्या जागी आणि आम्ही दुसऱ्या टोकाला! पाचशे डोक्यांत हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. पुढे सगळी वाट उलटी.

"चित्रं बदला पटापट," कोणीतरी म्हणालं. झालं! चौदावं ज्यांचं ते टेबलाला मिठी मारून उभे राहिले. डॉमनिक अंकल तिकडून ओरडले, "सहावं माझ्या दारातून हलणार नाही, कुवेतहून मी यासाठी सुट्टी काढून यायचो!" त्याही वर्षी त्यांना कुवेतचीच चिठ्ठी आली होती, एका देशातून म्हणायचं विसरले. उत्तम शुक्रवारी, उपाशी पोटी, नाक्यावर भांडण.

मग व्हिक्टर अंकलना आठवलं. "टीचर! तुम्ही बैठकीला होता. तुमच्या लक्षात आलं नाही?"

खोटं त्या बोलल्या नसत्या. "आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला बंदी आहे."

"बंदी! देवाच्या मरणाच्या दिवशी बंदी! वाट लागली ना सगळ्यांची!" शब्द तोंडून गेल्यावर ते स्वतःच चपापले.

फादर पुढे आले. शांतपणे म्हणाले, "टीचर, तुमचा त्याग मोठा आहे. पण मी धर्मगुरू म्हणून तुम्हाला यातून मोकळं करतो. सांगा, काय करायचं?"

टीचरना उत्तर माहीत होतं. त्यांच्याकडे बघूनच कळत होतं, आठवडाभर मनात घोळवून त्यांनी अख्खा तोडगा तयार ठेवला होता, घर-घर, टेबल-टेबल. ओठ उघडले. आणि त्यांनी गर्दीत मागे बघितलं. काळ्या छत्रीखाली बर्नी मावशी उभी होती. पाचशे माणसांनी माना वळवल्या. बर्नी मावशीने छत्री जराशी खाली ओढली. हो नाही, ना नाही. एक दिवस उरला होता.

"फादर," टीचर म्हणाल्या, "ती चिठ्ठी तुम्ही लिहिलेली नाही."

मग फादरनी पुस्तकाची पानं शेवटाकडे उलटली आणि म्हणाले, "चला. शेवटापासून."

आणि आम्ही उलटे निघालो. आधी येशूला पुरलं. मग पुढच्या दारात तो आईच्या मांडीवर होता, मेलेला. बर्नी मावशीच्या दारात त्याने प्राण सोडला. त्यापुढच्या घरी खिळे ठोकून घेतले. मग त्याला कपडे परत मिळाले. सुरुवातीला लोक पुटपुटत होते, काही जण फादरकडे रागाने बघत होते. पण हळूहळू सगळे चूप झाले. एकेका दाराशी त्या माणसाचं ओझं उतरत चाललं होतं. पडला होता तो उठत होता. मी इतकी वर्षं सरबताच्या टेबलामागून ही मिरवणूक बघितली, त्या दिवशी टेबल सोडून मागे चालत गेले.

टीचरच्या दारात चौथं. आई भेटते. टीचर टेबलाशी मेणबत्ती धरून उभ्या. बर्नी मावशी दरवर्षी या स्थानाला गर्दीत मागे राहायची, त्या दिवशी लोंढ्याबरोबर पुढे आली. चित्राकडे बघून म्हणाली, कोणालाच नाही असं, "बघा. शेवटी आईला जिवंत भेटला."

शेवटी नव्हता. अजून तीन स्थानं बाकी होती. मी मोजलं, म्हणजे टीचरनी मोजलं असणारच. त्यांचा जबडा हलला. मेणबत्ती कलली, मेण हातावर सांडलं. टीचर बहिणीच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "असेल."

अकरा वर्षांतला तो पहिला शब्द. बर्नी मावशी वळली आणि चालायला लागली.

वाट संपली ती चर्चच्या दाराशी, खणलेल्या रस्त्याच्या कडेला. शेवटच्या चित्रात येशू शिक्षा देणाऱ्या पिलातापुढे उभा, अंगावर स्वतःचे कपडे, शिक्षा अजून व्हायची आहे. फादरनी पुस्तक मिटलं. पुढे काय म्हणायचं ते त्यांना सुचेना. त्या शांततेत माझी आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "सुटलो गो बिचारो."

डॉमनिक अंकल हसायला लागले आणि हसता हसता ढसाढसा रडले. टीचर मात्र घरी येऊन आडव्या झाल्या. मला म्हणाल्या, "मी आज देवाची वाट मोडली, सुषमा. माझ्या एका जेवणासाठी."

ईस्टरला त्यांनी मला आणि आईला बोलावलं, एकटीला धीर होईना म्हणून. चार पानं मांडली होती. वर्षभर बाटलीत भरून ठेवतात त्या बाटली मसाल्यातली कोंबडी, मैद्याचे तळलेले गोल फुगे. साडेबारा झाले, एक झाला. समोरचं दार बंद. टीचर दर पाच मिनिटांनी काट्याचमच्यांची जागा बदलत होत्या. आईने माझ्याकडे बघितलं, मी घड्याळाकडे. पावणेदोनला बेल वाजली.

बर्नी मावशी. हातात झाकलेलं भांडं. आत आली, बसली. टीचरनी वाढलं, बर्नी मावशी खायला लागली. फुगा मोडताना मसाला टेबलक्लॉथवर सांडला. टीचर बघत होत्या. बोलल्या नाहीत. बर्नी मावशीने हाताने पुसायला घेतला, डाग आणखी पसरला. टीचर पाणी प्यायल्या.

शेवटी बर्नी मावशीनेच घास खाली ठेवला. "बोल की आता. संपला ना उपास काल."

टीचरनी मान हलवली. "भीती वाटते गं."

"कसली?"

"बोलले की तू उठून जाशील."

मी माझ्या ताटात बघत होते. माझ्या शेजारी आई नाक ओढत होती. बर्नी मावशीने आपलं भांडं ओढलं, झाकण काढलं. आत कोळंबीचं कालवण. एक डाव तिने टीचरच्या ताटात घातला, एकेक आमच्याही. म्हणाली, "खा आणि सांग. खरं सांग."

मी आधी खाल्लं होतं. डोळ्यांत पाणी आलं, इतकं मीठ. आईने तर घास तसाच गालात धरून ठेवला. टीचरनी भातावर कालवण घेतलं, कालवलं, तोंडात घातलं, सावकाश चावलं. बर्नी मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, लहान पोरीसारखी, वही तपासायला दिलेली.

"खारट आहे," टीचर म्हणाल्या.

बर्नी मावशी जागची हलली नाही. खुर्चीचा आवाज होईल म्हणून मीही हलले नाही.

मग टीचरनी ताट पुढे केलं. "अजून वाढ."

मे महिन्यात आम्ही गोरेगावला राहायला गेलो, आणि श्रावणात टीचर गेल्या. म्हणजे त्यांच्या टेबलाशी बसून जेवले ते त्या दुपारीच शेवटचं. आई आणि मी हात धुवून दबकत निघालो, तेव्हा दोघी टेबलाशीच होत्या. बर्नी मावशी वाढत होती, टीचरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या जेवत होत्या. सगळं भांडं संपवलं त्यांनी.